कुकरात तेल आणि शिट्टीवर वजन

राधानगरी तालुक्यातल्या एका भगिनीने आरोग्य पानासाठी प्रश्न पाठवला आहे. त्यांचा मुलगा यंदा पावसाळ्यात राऊतवाडी धबधब्याच्या वाटेवर चिकनची गाडी लावायच्या विचारात आहे. त्याने मोबाइलवर पाहिले, की कुकरात निम्म्यापर्यंत तेल तापवायचे, पीठ लावलेले कोंबडीचे तुकडे आत सोडायचे, झाकण लावायचे, आणि दहा मिनिटांत शहरातल्या मोठ्या दुकानासारखे चिकन तयार. त्यातही घरच्या कुकराचा दाब कमी पडतो म्हणून शिट्टीवर एक जड नट बसवायचा, म्हणजे काम आणखी लवकर होते. आईने हरकत घेतली तेव्हा पोराचे उत्तर असे : "आई, रोज डाळ शिजवतीयास की कुकरात, मग तेल घातलं तर काय हुतंय?"

प्रश्न अडाणीपणाचा नाही. उलट, शिकल्या-सवरलेल्या घरांतही याचे उत्तर चटकन देता येणार नाही. "बाबा रे, करू नको" एवढ्यावर तरुण मुलगा थांबत नाही आणि थांबूही नये. का करू नको, हे त्याला पटले पाहिजे. म्हणून या वेळचे पान आम्ही या एकाच प्रश्नाला दिले आहे.

आधी हे सांगू, की दाबाखाली कोंबडी तळणे ही थाप नाही. ती खरी रीत आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात कॉर्बिन नावाच्या गावी हारलँड सँडर्स हा गृहस्थ रस्त्याकाठी खाणावळ चालवत असे. लोखंडी तव्यात कोंबडी तळायला त्याला अर्धा तास लागे आणि गिऱ्हाईक तेवढे थांबत नसे. १९३९ साली त्याने तेव्हा बाजारात नव्याने आलेला प्रेशर कुकर घेतला, त्यात फेरफार केले आणि त्यात तेल घालून कोंबडी तळली. वेळ दहा मिनिटांच्या आत आला. पुढे १९५२ साली त्याच्या नावाची पहिली शाखा सॉल्ट लेक सिटीत निघाली, आणि आज केएफसी हे नाव कोल्हापूरच्या पोरांनाही ठाऊक आहे. मोबाइलवरच्या चित्रफितींत एवढीच गोष्ट सांगतात. त्यानंतरची सांगत नाहीत. १९५० च्या दशकातच अमेरिकेत या कामासाठी मुद्दाम वेगळी यंत्रे बनू लागली. जाड पोलादी भांडे, स्क्रूने आवळायचे झाकण, तेलाचे तापमान धरून ठेवणारा थर्मोस्टॅट, दाब उतरल्याशिवाय न उघडणारी कडी, अशी त्यांची रचना. दुकानात चालते ते हे यंत्र. घरच्या कुकराशी त्याचे नाते आहे ते लांबच्या चुलत्याइतके.

आता मुळाशी येऊ. कोंबडीच्या कच्च्या मांसात वजनाच्या साधारण सत्तर टक्क्यांहून जास्त पाणीच असते. उघड्या कढईत तुकडा सोडला की जो चरचर आवाज येतो आणि बुडबुडे उठतात, ते तेल उकळत नसते. ती मांसातल्या पाण्याची वाफ असते. उघड्यावर पाणी शंभर अंशाला उकळते, वाफ भराभर निघून जाते आणि मांस कोरडे पडत जाते. झाकण बंद असले की ही वाफ आत कोंडते आणि दाब वाढतो. दुकानातल्या यंत्रात हा दाब दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोहून थोडा जास्त असतो. एवढ्या दाबाखाली पाणी ११७-११८ अंशाला उकळते. त्यामुळे मांस आतून लवकर शिजते आणि त्यातले पाणीही कमी निघून जाते, म्हणजे रसाळपणा टिकतो. सगळी जादू एवढीच. म्हणजे दाब येतो तो कोंबडीतल्या पाण्यामुळे. तेलाचा त्यात वाटा नाही. तेल फक्त उष्णता पोहोचवते.

याच ठिकाणी डाळ आणि तेल यांचे रस्ते वेगळे होतात.

डाळीच्या कुकरात पाणी असते. शिट्टीचे वजन दाब एक किलोच्या आसपास धरते, आणि त्या दाबाला पाणी १२० अंशाला उकळते. खाली गॅस कितीही मोठा केला तरी आतले तापमान १२० च्या वर फारसे जात नाही. जास्तीची उष्णता वाफेच्या रूपाने शिट्टीतून बाहेर पडते. म्हणजे पाणी हाच कुकराचा लगाम. पाणी संपेपर्यंत कुकर आपल्या हद्दीत राहतो, आणि म्हणूनच पाणी संपलेल्या कुकराला बायका घाबरतात, ते बरोबरच आहे.

तेलाला असा लगाम नाही. तळणाला तेल १७५-१८० अंशाला लागते, आणि गॅस चालू राहिला तर ते २०० ला जाते, २२० ला जाते, धुरावते, आणि तरीही उकळत नाही. शिट्टी दाब सांभाळते. तेल किती तापले हे शिट्टीला कळत नाही. यंत्रात ते काम थर्मोस्टॅट करतो. कुकराला थर्मोस्टॅट नाही. झाकण बंद असल्यामुळे आत धूर निघतो आहे की नाही हेही आपल्याला दिसत नाही.

मग झाकणातले रबर घ्या. हे रबर वाफेसाठी बनवलेले असते. पावणेदोनशे अंशांच्या तेलात ते फुगते, मऊ पडते आणि आपली जागा सोडते. सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातूही असाच वाफेच्या तापमानाच्या हिशेबाने घेतलेला असतो. पाणी आटले, तापमान हद्दीबाहेर गेले, की त्याने वितळावे आणि वाफेला वाट द्यावी हे त्याचे काम. तेलाच्या कुकरात तो वितळलाच तर त्या भोकातून उकळत्या तेलाचा फवारा वर उडेल, आणि खाली तर गॅसची ज्योत चालू. बारीक थेंबांचे गरम तेल ज्योतीला लागले तर काय होते, हे फोडणीचा भडका पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. डाळीचा कुकर उडाला तर भाजते. तेलाचा उडाला तर घर पेटते.

त्यात कोंबडीला लावलेले पीठ सुटून तेलात फिरत असते. शिट्टी बसते त्या नळीचे भोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे. त्यात पिठाची एक गुठळी अडकली तरी वाफेची वाट बंद. कुकरासोबत येणारी पुस्तिका आपण कधी उघडत नाही, ती गाद्यांखाली जाते. पण दाबाखाली तेलात तळू नका, अशी ताकीद त्या पुस्तिकांत असते. झाकण न लावता कुकरात फोडणी देणे, कांदा परतणे, मग पाणी घालून झाकण लावणे, याला काही हरकत नाही. चमचा-दोन चमचे तेल आणि भरपूर पाणी ही गोष्ट वेगळी, आणि निम्मा कुकर तेल ही वेगळी.

शिट्टीवरचे वजन

आता त्या नटाकडे वळू. शिट्टीचे गणित सोपे आहे आणि ते घरातल्या नववी-दहावीच्या मुलांकडून करून घ्यावे. भोकाच्या क्षेत्रफळाने शिट्टीच्या वजनाला भागले की दाब मिळतो. समजा भोक तीन मिलिमीटर व्यासाचे आहे. त्याचे क्षेत्रफळ येते चौरस सेंटिमीटरच्या शंभरातले सात भाग. त्यावर सत्तर ग्रॅमची शिट्टी ठेवली की दाब होतो एक किलो. आणखी सत्तर ग्रॅमचा नट-बोल्ट बांधला की दोन किलो. सत्तर ग्रॅम म्हणजे हातात घेतले तर जाणवणारही नाही असे वजन.

पण हा दाब नुसत्या भोकावर नसतो. तो झाकणाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर असतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. एक किलो दाबाला ते झाकण ३१४ किलोच्या जोराने वर उचलले जात असते. पन्नास किलोची तांदळाची सहा पोती कोणीतरी खालून ढकलत आहे असे समजा. रोज सकाळी आपल्या ओट्यावर हे चाललेले असते, आणि कुकर नीट असल्यामुळे काही होत नाही. त्या सत्तर ग्रॅमच्या नटाने सहाची बारा पोती होतात. विहारात भोजनदानाला वापरतात त्या मोठ्या कुकराचे झाकण तीस सेंटिमीटरचे धरले तर एक किलोच्या दाबालाच सातशे किलो होतात. म्हणून मोठ्या भांड्याशी तर असला खेळ मुळीच नको.

बरे, यातून मिळते काय? एक किलोचा दाब दोन किलो केला तर पाणी १२० ऐवजी साधारण १३३ अंशाला उकळते. तेरा अंश. बारा पोत्यांच्या बदल्यात तेरा अंश आणि फार तर दोन-तीन मिनिटे. आमच्या मते हा सौदा कोणत्याही हिशेबात बसत नाही.

राधानगरीच्या माणसाला ही गोष्ट समजावायला कुकरही लागू नये. आपल्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला आले की दरवाजा आपणहून उघडतो, पातळी उतरली की आपणहून बसतो. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी भोगावतीत जाते, हा आकडा दर पावसाळ्यात आपण बातम्यांत ऐकतो. शिट्टी म्हणजे असाच दरवाजा. धरणात थोडे जास्त पाणी साठेल म्हणून कोणी त्या दरवाजावर दगड बांधायला निघाला, तर खालच्या गावांतली माणसे त्याला बांधू देतील का? शाहू महाराजांच्या काळात या धरणाचे काम सुरू झाले आणि ते पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. इतक्या वर्षांच्या खटपटीतून बांधलेल्या भिंतीलाही पाणी सोडायची वाट लागतेच. आपला कुकर तर पत्र्याचा.

याच प्रश्नाची दुसरी बाजूही आमच्या कानावर आली आहे. दाब कमी केला तर धोका जाईल, म्हणून काही जण शिट्टी घासून हलकी करतात, नाहीतर भोक मोठे करतात. दाब कमी होतो हे खरे. पण रबर, तापमान आणि भडका या तिन्ही गोष्टी जिथल्या तिथेच राहतात. वर मोठ्या भोकातून वाफेबरोबर तेलाचे तुषार बाहेर येऊ लागतात आणि ते सरळ शेगडीवर पडतात. आणि तोच कुकर दुसऱ्या दिवशी डाळीला लावला की डाळ शिजत नाही. मग घरातल्या बाईला वाटते की डाळच जुनी निघाली.

राधानगरी उंचावर आहे, इथे पाणी लवकर उकळते, म्हणून दाब वाढवावा लागतो, असेही कोणी सांगेल. आपण समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचीवर आहोत. त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी १०० ऐवजी ९८ अंशाला उकळते, आणि कुकरात फरक पडतो एखाद्या अंशाचा. एक अंशासाठी कुणी शिट्टीला हात लावू नये. लडाखला राहायला गेलात तर बोलू.

फेरफार म्हटले की शिट्टीच डोळ्यांपुढे येते, पण आमच्या पाहण्यात जास्त फेरफार येतात ते सेफ्टी व्हॉल्व्हचे, आणि तेही तळणासाठी नव्हे. आठवडी बाजारात कुकर दुरुस्त करून देणारे बसतात. त्यांतले बरेच जण नेकीने काम करतात. पण गळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बदलण्याऐवजी तिथे साधा स्क्रू आवळून दिलेला, नाहीतर भोक डिंकासारख्या लुकणाने बुजवलेले कुकरही घरोघरी सापडतात. गळती थांबते, पैसे वाचतात, आणि कुकराला उरलेली एकच पळवाट बंद होते. हे पान वाचून झाल्यावर उठून आपल्या कुकराचे झाकण उलटे करून बघावे. शिट्टीच्या नळीतून उजेड आरपार दिसला पाहिजे. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा, मूळचा असला पाहिजे. रबर कडक झाले असेल, भेगा पडल्या असतील तर ते बदलावे. नवा कुकर घेताना आयएसआय खूण पाहावी. घरगुती प्रेशर कुकरासाठी आय. एस. २३४७ हे मानक आहे, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ही खूण नसलेला कुकर विकायला कायद्याने बंदी आहे. स्वस्तात मिळाला तरी असा कुकर घरात आणू नये.

परदेशात घरच्यासाठी बनवलेले छोटे प्रेशर फ्रायर पूर्वी विकले गेले आहेत. कुणाचा नातेवाईक ते घेऊन आला, की मग त्याचा दाब दुकानी यंत्राइतका कसा करायचा याची चर्चा सुरू होते. घरच्या फ्रायरचा दाब मुद्दामच कमी ठेवलेला असतो. समजा तो एक तृतीयांश किलो आहे. तेवढ्या दाबाला पाणी १०८ अंशाला उकळते, दुकानी यंत्रात ११८ ला. दहा अंशांचा फरक, पण झाकणावरचा जोर मात्र जवळपास अडीच पट. कंपनीने झाकण, कडी आणि रबर हे कमी दाबाच्या हिशेबाने केलेले असतात. वजन बदलले तरी ते बदलत नाहीत. ज्या दाबाचा फ्रायर आहे त्याच दाबाला तो वापरावा, तळणाला तीन-चार मिनिटे जास्त द्यावीत. ते जमत नसेल तर फ्रायर माळ्यावर ठेवावा.

कोल्हापूरची रीत

आता त्या मुलाला गाडीवर काय तळायचे ते सांगू. नुसते नको म्हणून त्याचे पोट भरणार नाही.

अमेरिकेच्या यंत्रात शिजणे आणि तळणे एकाच भांड्यात होते. आपल्याकडे ही दोन कामे दोन भांड्यांत करायची पद्धत आहेच. कोल्हापुरात मटण असो वा कोंबडी, आधी हळद, मीठ, आले-लसूण लावून अळणी शिजवतात. त्या अळणी पाण्याचा पांढरा रस्सा होतो आणि मांसाचे सुके. हेच पुढे नेऊन अळणी शिजवलेले तुकडे तळायचे. कुकरात पाणी, कढईत तेल. दोन्ही आपापल्या जागी.

एक किलो बॉयलर कोंबडीचे बेताचे तुकडे घ्यावेत. दही, आले-लसणाचे वाटण, हळद, मीठ आणि आपला कांदा-लसूण मसाला लावून तासभर ठेवावे, उन्हाळा असेल तर फ्रिजमध्ये. नंतर दोन वाट्या पाणी घालून कुकराला लावावे. बॉयलरला मध्यम आचेवर एक शिट्टी पुरते. गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्यावा. दुसरी शिट्टी केली तर मांस हाडावरून सुटते आणि मग तळताना तुकडा हातात येत नाही. गावठी कोंबडी असेल तर हिशेब वेगळा. तिला वयाप्रमाणे चार ते सहा शिट्ट्या लागतात, आणि खरे तर या रीतीचा मोठा फायदा गावठीलाच आहे, कारण कच्ची गावठी सरळ तेलात तळली तर बाहेरून करपते आणि आतून चामडे राहते. शिजले की नाही हे मांडीच्या जाड भागात सुरी घालून बघावे. रस पांढरट, स्वच्छ यावा, गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर हाडाजवळ ७४ अंश दिसले पाहिजेत. गाडी चालवणाऱ्याने थर्मामीटर घ्यावाच. तो काही महाग नसतो.

तुकडे बाहेर काढून चाळणीवर निथळू द्यावेत आणि पंख्याखाली वाळू द्यावेत. इथे घाई केली तर सगळे बिघडते. ओला तुकडा तेलात गेला की पाण्याची एकदम वाफ होते, आणि चमचाभर पाण्याची आठ-साडेआठ लिटर वाफ होते. कढई उतू जाते ती यामुळे. वाळलेल्या तुकड्यांना तांदळाचे पीठ लावावे. आपल्या भागात तांदूळ मुबलक, आणि त्याचे कवच मैद्यापेक्षा कुरकुरीत होते. त्यात थोडे बेसन, तिखट, मीठ. मिठाचा हात मात्र आवरता, कारण अळणीत आधीच मीठ गेलेले असते, आणि रक्तदाब असलेले लोकही गाडीवर खातात.

कढई जाड आणि खोल घ्यावी, तेल निम्म्याच्या वर नको. पिठाचा चिमूटभर गोळा टाकावा. तो तळाला जाऊन लगेच वर आला की तेल झाले. तुकडे शिजलेलेच असल्यामुळे तीन-चार मिनिटांत सोनेरी होतात. म्हणजे गिऱ्हाईक समोर आल्यावर लागणारा वेळ दुकानी यंत्रापेक्षाही कमी, आणि मुलाला हवे होते ते हेच. चव हुबेहूब तशी येते का? नाही. यंत्रातले चिकन आतून थोडे जास्त रसाळ असते. पण झाकणाखाली वाफेत राहिल्याने त्याचे कवच नरम पडते, आणि आपल्या कढईतले कवच त्याहून कडक होते. पावसात भिजलेल्या माणसाला यातले काय आवडेल, ते आम्ही सांगायला नको. शिवाय त्या मुलाकडे एक गोष्ट असेल जी मोठ्या दुकानाकडे नाही. उरलेल्या अळणी पाण्याचा पांढरा रस्सा, वाटीभर, गरम.

शिजवलेले तुकडे पावसाळी हवेत दिवसभर उघडे ठेवू नयेत. दोन तासांत तळून संपतील एवढेच बाहेर, बाकीचे बर्फाच्या पेटीत. कच्च्या कोंबडीची पाटी, सुरी आणि हात शिजलेल्याला लागू देऊ नयेत. तेच तेल काळे, चिकट, फेसाळ होईपर्यंत वापरू नये. तळणीच्या तेलातले बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. तो यंत्राने मोजतात. गाडीवर यंत्र नसते, पण रंग आणि वास असतोच. गाडीसाठी प्राधिकरणाची नोंदणी करावी लागते. घरचा १४.२ किलोचा तांबडा सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तो महाग पडतो, हे आम्हाला माहीत आहे. गाडी वाऱ्यापावसात असते म्हणून शेगडीला तिन्ही बाजूंनी आडोसा करावा, आणि गिऱ्हाइकाची लहान मुले कढईच्या हातभर अंतरात येणार नाहीत अशी मांडणी करावी. धबधब्यावर पोरे धावत असतात.

तेल पेटले किंवा अंगावर उडाले तर

कढई पेटली तर पाणी टाकू नका. हा नियम घरातल्या लहानांनाही पाठ हवा. पाणी तेलाच्या खाली जाते, तिथे त्याची वाफ होते आणि ती पेटते तेल छतापर्यंत उडवते. रेग्युलेटर बंद करा, कढईवर मोठे झाकण किंवा परात सरकवा आणि कढई तिथेच गार होऊ द्या. पेटती कढई उचलून दाराकडे धावू नका. धावताना ते तेल अंगावर येते.

ज्यांनी आधीच कुकरात तेल घालून झाकण लावले आहे आणि आता शिट्टी होत नाही, त्यांनी झाकणाला हात लावू नये, शिट्टी उचलू नये, कुकर नळाखाली धरू नये. दाब एकदम उतरला की मांसातल्या तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तेल फेसासारखे उसळते. गॅस बंद करावा. तिथे हात पोहोचणे धोक्याचे वाटत असेल तर सिलिंडरजवळचा रेग्युलेटर बंद करावा. सगळ्यांना बाहेर काढावे आणि तासभर तरी स्वयंपाकघरात जाऊ नये.

अंगावर तेल उडाले तर पहिली वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याची. भाजलेला भाग नळाखाली धरावा, नळ नसेल तर घागरीतून सतत पाणी ओतावे. बर्फ नको. बांगड्या, अंगठी, जोडवी सूज येण्याआधी काढावीत. तेलाने भिजलेला कपडा काढावा, पण कातडीला चिकटला असेल तर ओढू नये, त्याच्या भोवतीचा कापावा. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस यांतले काही लावू नये. त्याने उष्णता आत राहते, जंतू जातात आणि दवाखान्यात ते खरवडून काढताना रुग्णाचे हाल होतात. फोड फोडू नयेत. स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकावे.

तळहाताएवढे किंवा त्याहून मोठे भाजले असेल, चेहरा, डोळे, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांगाला लागले असेल, किंवा भाजलेली व्यक्ती लहान मूल, म्हातारे माणूस, गरोदर बाई असेल, तर घरी वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. राधानगरीला ग्रामीण रुग्णालय आहे, तिथे आधी दाखवावे. पुढे पाठवले तर कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय, पन्नासेक किलोमीटर. पावसात हा रस्ता वेळ खातो, म्हणून निघण्याचा निर्णय लवकर घ्यावा. वीस मिनिटे पाणी घालणे मात्र निघण्याआधी पुरे करावे, आणि गॅसचा वास येत असेल तर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.